पंगतीतून चरित्र: घरातल्या माईची स्मरणपुस्तिका कशी करावी

नव्वदी पार केलेली घरातली माई, जिजी किंवा काकू गेली की तेराव्याच्या पंगतीनंतर कुणीतरी म्हणतंच, "तिच्यावर एक छोटंसं पुस्तक काढायला हवं." सगळे माना डोलावतात. मग वर्षश्राद्ध तोंडावर आलं की घाई होते, प्रत्येकाकडून एकेक पान मागवलं जातं आणि हाती येतं ते असं: माई साक्षात अन्नपूर्णा होती, मायेचा सागर होती, तिच्या दारातून कुणी उपाशी परतलं नाही. वीस जणांनी लिहिलेली वीस पानं, आणि नाव तेवढं बदललं तर शेजारच्या काकूंनाही बिनदिक्कत लागू पडतील अशी.

इंदूरच्या मराठी वस्त्यांत, म्हणजे रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर वगैरे भागांत, अशा पुस्तिका घरोघरी सापडतात. मला त्या वाचायची हौस आहे आणि त्या करणाऱ्यांना मदत करायचीही. त्यातून झालेलं माझं मत असं की येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालण्यात जिचं आयुष्य गेलं, तिचं चरित्र तिच्या स्वतःच्या कागदपत्रांत सापडत नाही. तिने रोजनिशी लिहिलेली नसते, कुणी तिची मुलाखत घेतलेली नसते. तिचं आयुष्य जेवून गेलेल्या माणसांच्या आठवणीत, माळ्यावरच्या भांड्यांत आणि किराण्याच्या हिशेबात विखुरलेलं असतं. म्हणून शोध घरच्यांपासून सुरू करू नका. घरच्यांना ती इतकी जवळून दिसलेली असते की काय सांगावं ते त्यांना सुचत नाही. सुरुवात पाहुण्यांपासून करा.

पहिलं काम: वही

दहाव्या दिवसापासून तेराव्यापर्यंत घरात जितकी माणसं येतात तितकी पुन्हा कधी एकत्र येत नाहीत. त्या दिवसांत दोनशे पानी वही आणि पेन एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या नातीच्या हाती द्या. भेटायला आलेल्याला तिने तीनच गोष्टी विचारायच्या: नाव आणि फोन नंबर, या घरात पहिल्यांदा कशासाठी आलात, आणि त्या वेळचा एखादा प्रसंग. "माईबद्दल दोन शब्द लिहा" असं म्हणून वही पुढे करू नका. दोन शब्द म्हटलं की लोक तेच दोन शब्द लिहितात.

ते दिवस निघून गेले असतील तरी बिघडत नाही. जुनी टेलिफोन डायरी, मुलामुलींच्या लग्नातली आमंत्रणांची यादी आणि आहेराची वही काढा. आहेराच्या वहीइतकी प्रामाणिक नात्यांची नोंद दुसरीकडे मिळत नाही.

यादी झाली की माणसांचे गट पाडा. इंदूरच्या घरात पाहुणा का येई याची कारणं ठरलेली असत. धार, देवास, खरगोन, खंडव्याकडून शिकायला आलेली मुलं हा एक मोठा गट. होळकर कॉलेज १८९१चं, मेडिकल कॉलेज १९४८चं. गावाकडच्या कुणाचा मुलगा इथे शिकायला आला की वसतिगृहात जागा मिळेपर्यंत तो मराठी घरातच उतरे, आणि काही जण पुढे वार लावूनही जेवत. दुसरा गट एम. वाय. हॉस्पिटल, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी इस्पितळाच्या निमित्ताने आलेल्यांचा. रोगी तिथे आणि त्याचा डबा इथून. तिसरा यात्रेकरूंचा: महांकाळ, ओंकारेश्वर, महेश्वर करायचं तर मुक्कामाला इंदूर. शिवाय बदलीवर आलेली कुटुंबं, स्थळ बघायला आलेली मंडळी आणि गल्लीतली मुलं. प्रत्येक गटातला निदान एक जण गाठायचाच असा नियम करा. नाहीतर पुस्तिकेत फक्त पुण्या-मुंबईच्या भाच्यांचा आवाज येतो.

दुसरं काम: सालं

"तेव्हा मी लहान होतो" यावर साल ठरत नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाला थेट साल विचारलं तर तो चाचपडतो. पण तेव्हा काय होतं, काय नव्हतं हे विचारलं की बरोबर सांगतो. त्यासाठी शहराच्या आठवणींची एक पट्टी आधीच कागदावर तयार ठेवा. होळकरांचं इंदूर संस्थान विलीन होऊन मध्य भारत हे राज्य झालं ते २८ मे १९४८ रोजी आणि मध्य प्रदेश झाला १ नोव्हेंबर १९५६ला. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. १९६५ साली शास्त्रीजींनी सोमवारची एक वेळ जेवण सोडायला सांगितलं. १९७१चं युद्ध. नर्मदेचं पाणी इंदुरात आलं १९७८मध्ये. १६ फेब्रुवारी १९८०चं सूर्यग्रहण. १९८४ साली राजवाडा जळाला. १९९१मध्ये हुकुमचंद मिल ही कापडगिरणी बंद पडली.

यातली नर्मदेची खूण मला सगळ्यांत उपयोगी वाटते, कारण ती थेट पाहुणचाराला जाऊन भिडते. "तुम्ही आलात तेव्हा आंघोळीचं पाणी कुठून यायचं?" या एका प्रश्नात साल तर कळतंच, आणि दहा पाहुण्यांच्या आंघोळी म्हणजे घरातल्या कुणाच्या किती खेपा, हेही निघतं. दुसरी खूण उज्जैनच्या सिंहस्थाची. १९८०, १९९२, २००४, २०१६: दर बारा वर्षांनी इंदूरच्या घरांत नातेवाइकांचा पूर येतो. प्रत्येक सिंहस्थाला घरात कोण कोण उतरलं, कोण कुठे झोपलं, स्वयंपाक कुणाच्या हातात होता, असं ओळीने विचारत गेलं की एकाच घराची चार चित्रं मिळतात. पहिल्यात माई चुलीशी असते आणि शेवटच्यात खुर्चीत बसून नातसुनेला मिठाचा अंदाज सांगत असते. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, निघत. ज्यांचं घर त्या वाटेवर असेल त्यांनी त्या रात्रीबद्दलही विचारावं, कारण रात्रभर चहा चाललेला असे.

तिची जन्मतारीख

ही गोष्ट सोपी वाटते, पण असते अवघड. आधारकार्डावर बहुधा शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली तारीख असते. खरी नोंद जन्मपत्रिकेत किंवा वडिलांच्या टिपणवहीत, तीही शके आणि तिथीने. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण तिथी पौषाच्या उत्तरार्धातली, माघातली किंवा फाल्गुनातली असेल तर बहुतेक वेळा ७९ मिळवावे लागतात. शके १८५२च्या चैत्रात जन्मलेली मुलगी १९३०ची, त्याच शकाच्या माघातली १९३१ची.

माळव्यात आणखी एक खाचखळगा आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षाला दोन्हींत महिन्याचं नाव एकच, पण वद्य पक्षात आपण एक नाव घेतो आणि शेजारी पुढच्या महिन्याचं. अहिल्याबाईंची पुण्यतिथी आपल्या हिशेबाने श्रावण वद्य चतुर्दशी, आणि शहरातल्या हिंदी निमंत्रणपत्रिकांवर तीच भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. माईची पत्रिका कुठल्या गावी, कुठल्या जोशीबुवांनी केली ते पाहिल्याशिवाय तारीख काढू नका. संवत लिहिला असेल तर पत्रिका हिंदी पद्धतीची असण्याचा संभव जास्त. पत्रिकेत वारही दिलेला असतो. जुन्या वर्षांची पंचांगं दाखवणारी संकेतस्थळं आहेत, तिथे निघालेल्या तारखेला तोच वार येतो का ते ताडून बघा. वार चुकला तर महिना चुकलाय असं समजा. सहस्रचंद्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका सापडली तर तिच्यावरूनही अंदाज येतो. हजार पौर्णिमा पुऱ्या व्हायला साधारण ८० वर्षं १० महिने लागतात. अर्थात लोक तो सोहळा मुलं सुट्टीवर आली की उरकतात, तेव्हा त्यावर फार विसंबू नये.

तिचं नाव

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तिचं माहेरचं पूर्ण नाव छापा. पुष्कळ पुस्तिकांत ते नसतंच. लग्नात नाव बदललं, मग "अमक्याची आई" झाली, मग सगळ्यांची माई. देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी, १९५१–५२मध्ये, सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता कुणाची तरी बायको किंवा आई एवढंच सांगितलं होतं. आपल्या माई-माम्या त्याच पिढीतल्या. माहेरचं गाव, भावंडांचा क्रम, शाळा कितवीपर्यंत आणि कशामुळे सुटली, हे माहेरच्या बाजूच्या एखाद्या भाच्याला विचारा. सासरच्यांना यातलं थोडंच माहीत असतं. घराण्याचा कुलवृत्तांत असेल तर बघा, मात्र त्यात सुनेच्या वाट्याला बहुधा एकच ओळ आलेली असते. उज्जैनला तुमचे तीर्थपुरोहित असतील तर त्यांची वही बघायला एक दिवस काढा. गाव आणि आडनाव सांगितलं की ते पानं उलगडतात, आणि कुणाच्या अस्थी घेऊन कोण, कधी आलं होतं ते कळतं. पानाचा फोटो काढण्याआधी विचारा आणि दक्षिणा ठेवा.

माळ्यावरची भांडी

आता माझ्या आवडीचं काम. एका रविवारी माळा, कोठी आणि पलंगाखालची ट्रंक मोकळी करा आणि सगळी मोठी भांडी अंगणात किंवा गच्चीत मांडा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे: कुणी दिलं, कुणाला दिलं, मुंज की लग्न की बारसं, आणि तारीख. पितळेवर ठोक्याठोक्यांनी घातलेली अक्षरं जुनी, स्टीलवर मशीनने घातलेली नंतरची. घासून घासून अक्षरं बुजली असतील तर कोरडी कणीक बोटाने चोळा आणि बाजूने उजेड पाडून फोटो काढा, अक्षर उठून दिसतं. हे सगळं भांडी पितांबरीने लखलखीत करण्याआधी. प्रत्येक भांड्याचा फोटो, त्यावरचा मजकूर जसाच्या तसा, आणि तो कुठल्या प्रसंगाचा हे एका तक्त्यात उतरवा. माहेरच्या आद्याक्षरांचं एखादं तांब्या-भांडं निघतंच. वर्षं लावायला ही भांडी फोटोंपेक्षा भरवशाची, कारण तारीख त्याच दिवसाच्या सुमारास घातलेली असते. जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतलेली भांडी मात्र कोरी. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, पण घरात रोज वापरात तीच असत.

मग मापं घ्या. मोठ्या पातेल्यात लिटरच्या मापाने पाणी ओता. आमटीचं पातेलं दहा लिटरचं निघालं तर दीडशे मिलीच्या पासष्ट-सहासष्ट वाट्या होतात. "माईकडे नेहमी खूप माणसं असायची" या वाक्याच्या जागी आता एक आकडा आला. परात किती किलो कणकेची, पोळ्यांचा डबा किती उंच, पाट किती, ताटं किती, गाद्या किती? पंचवीस ताटं, माणशी तीन पोळ्या, म्हणजे पंचाहत्तर. एका पोळपाटावर लाटून भाजायला पोळीमागे दीड मिनिट धरलं तरी जवळजवळ दोन तास नुसत्या पोळ्या. त्यात भाजी चिरणं नाही, वाटण नाही, वाढणं-उष्टी काढणं नाही. हा हिशेब पुस्तिकेत अवश्य छापा. तिच्या मोठेपणाबद्दल मग वेगळं काही लिहावं लागत नाही.

कागद आणि फोटो

जुनी पोस्टकार्डं फेकली नसतील तर सोनं आहे. शिक्का पुसला असला तरी पत्त्यावरून काळ लागतो. "इंदूर स्टेट" असेल तर १९४८च्या आधीचं किंवा त्याच सुमाराचं, "मध्य भारत" असेल तर १९४८ ते ५६, तिकिटावर "नये पैसे" असेल तर १९५७ नंतरची काही वर्षं, आणि पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. लोक जुना पत्ता सवयीने बरीच वर्षं लिहीत राहतात, म्हणून दोन खुणा जुळल्या तरच साल पक्कं करा.

भिंतीवरची जुनी कॅलेंडरं कुणी टाकत असेल तर थांबवा. कालनिर्णय १९७३पासून निघतं आणि पुष्कळ घरांत त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. रोजचं दीड लिटर दूध एखाद्या आठवड्यात चार लिटर झालं की समजावं, कुणीतरी राहायला आलंय. त्याच पानावर कोपऱ्यात "ताई सकाळच्या गाडीने" असंही कधीकधी सापडतं. किराण्याच्या वहीत साखरेकडे आणि चहाकडे लक्ष ठेवा. टंचाईच्या वर्षांत या नोंदी बघणं फार बोलकं असतं. साठ-सत्तरच्या दशकांत समारंभाला किती पानं वाढायची यावर सरकारी बंधनं होती, रेशनचा गहू मोजका होता, आणि तरी घर चाललं ते कसं, याचं उत्तर तिथे मिळतं: ज्वारीच्या भाकऱ्या वाढल्या, आमटीत पाणी वाढलं, कुणाचं तरी तूप बंद झालं.

फोटोंचं थोडक्यात सांगते. छोटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो उपटू नका, दात साफ करायचा दोरा मागून हळूच सरकवला की ते सुटतात. नाहीच सुटले तर पानासकट स्कॅन करा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं स्पष्ट सांगा, नाहीतर छापताना चेहऱ्यांची भाजी होते.

बोलतं कसं करावं

माई हयात असेल तर हेच सगळं तिच्यासमोर बसून करा, आणि आधी भांडी दाखवा. "तुझ्या आयुष्याबद्दल सांग" म्हटलं तर ती "त्यात काय सांगायचंय" म्हणून उठून जाईल. हातात घंगाळ दिलं तर तासभर बोलेल. वेळ दुपारच्या झोपेनंतरची, चहा झाल्यावर. पंखा बंद, कुकर बंद, फोन विमान मोडवर टाकून तिच्या जवळ घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. पाऊण तासाच्या वर ताणू नका. फाइलला लगेच तारीख आणि विषयाचं नाव द्या आणि त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी प्रती करा.

पाहुण्यांशी बोलतानाही असंच बारीकसारीक विचारा. काका, दार कुणी उघडलं? आधी पाणी दिलं की बरोबर गूळही? पाटावर बसलात की टेबलाशी? ताटात काय होतं? माई तुमच्याबरोबर जेवली का? नसेल तर कधी जेवली, आणि तेव्हा काय उरलेलं होतं? झोपायला कुणाची गादी दिली आणि ते माणूस मग कुठे झोपलं? निघताना हातात काय ठेवलं? हे विचारल्यावर "फार प्रेमळ होत्या हो" म्हणणारा माणूसही असं काही सांगतो: प्रवेशाचा फॉर्म भरायला आलो होतो, गाडीला उशीर झाला, रात्री अकराला दार वाजवलं, त्यांनी "जेवलास का" असं विचारलंच नाही, "पाय धू, पान घेते" म्हणाल्या, कारण विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. असं एक उत्तर मिळालं की त्या माणसाचं पान झालं. त्यात काही जोडू नका.

लिहून काढायला फोनचं मराठी बोलून टंकणं बरं चालतं, पण इंदुरी मराठीत मध्येच हिंदी शिरलं की ते गोंधळतं. ऐकून दुरुस्त करावंच लागतं. दुरुस्त करताना भाषा पुणेरी करू नका. माई "भिया, पोहे खाके जाना" असं दूधवाल्याला म्हणत असेल तर तसंच छापा. तीन पिढ्या माळव्यात काढलेल्या बाईच्या तोंडी पुस्तकी मराठी घातलं तर नातवंडंच म्हणतील, ही आमची माई नव्हे.

हात कुणाचे होते

पुस्तिकांत हमखास गळतो तो हा भाग, आणि तो लिहायला थोडं धैर्य लागतं. पाहुणचाराचं नाव माईचं झालं, पण त्या पंचाहत्तर पोळ्या दरवेळी तिनेच लाटल्या का? तरुणपणी हो, आणि तेव्हा तिच्यावर सासूचं राज्य होतं. पुढे सुना आल्या. आयत्या वेळी सात पानं वाढली की कुणाच्या कपाळाला आठी पडे, कुणाची परीक्षा बुडाली, कुणाला माहेरी जाणं लांबवावं लागलं? सुनांशी एकेकटीने बोला, सगळ्यांसमोर नाही. त्या तक्रारच करतील असं समजू नका. बहुतेक जणी आधी हसतात, मग खरं सांगतात, आणि त्यांच्याच सांगण्यातून माई माणूस म्हणून दिसायला लागते. भांडी घासायला येणाऱ्या बाईंनाही विचारा. वीस-वीस वर्षं त्याच घरात काम केलेल्या बाईला माईचं जे माहीत असतं ते मुलांना नसतं. त्यांचं नाव आणि त्यांचं म्हणणं इतरांच्या बरोबरीने छापा, आभाराच्या ओळीत ढकलू नका.

पैसा कुणाचा होता हेही विचारा. नवऱ्याचा पगार किती, महिनाअखेर काय होई, सोन्याची कुठली बांगडी कुठल्या साली मोडली, दिवाळीचे फराळाचे जिन्नस बाहेर विकले का. सढळ हाताच्या बाया पुष्कळदा फार काटेकोर हिशेबी असतात. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवा.

आणि मर्यादा. कुणाला आत पंगतीत बसवलं आणि कुणाला ओसरीवर? वेगळी कपबशी होती का, कुणासाठी, ती कधी मोडीत निघाली आणि कुणाच्या आग्रहाने? सोवळं कधी सुटलं? नव्वद वर्षं जगलेल्या बाईच्या आयुष्यात यांतलं काहीतरी बदललेलं असतंच. "सर्वांना सारखंच वागवायची" असं लिहून टाकलं तर ती कशातून बाहेर आली ते नातवंडांना कधीच कळणार नाही. कधीच बदललं नसेल तर तसं लिहा.

पाककृती

सगळ्या नकोत. ज्या पदार्थाचं नाव तीनपेक्षा जास्त पाहुण्यांनी आपणहून घेतलं तेवढेच. जुन्या वहीत शेर-छटाक असतील: वजनाचा सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि छटाक त्याचा सोळावा भाग, सुमारे ५८ ग्रॅम. मात्र धान्य मोजायचा मापाचा शेर गावागणिक वेगळा असे, तिथे हा हिशेब लावू नका. "मूठभर", "बोटभर" असं असेल तर तिच्या हाताखाली तयार झालेल्या सुनेला किंवा मुलीला स्वयंपाक करायला लावा आणि प्रत्येक जिन्नस टाकण्याआधी वजनकाट्यावर ठेवा. ती चिडेल, कारण अंदाज मोजायला गेलं की चुकतो. दोनदा करून सरासरी काढा.

लिहिणं

सुरुवातीलाच घरात एक यादी फिरवा: अन्नपूर्णा, मायेचा सागर, वात्सल्यमूर्ती, देवमाणूस, आधारवड. हे शब्द पुस्तिकेत येणार नाहीत. ज्याला वापरायचे असतील त्याने त्याच्या जागी एक प्रसंग द्यावा. कुरकुर होईल, टिकून राहा.

जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ रेषेत लिहिण्याची गरज नाही. सनावळीसाठी एक पान पुरे. बाकीचं घराच्या जागांनुसार लावलं तर वाचायला गोडी येते: ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, गच्ची. किंवा चार सिंहस्थांनुसार. मिळालेला मजकूर निम्मा करा. प्रत्येक पाहुण्याचा एकच प्रसंग घ्या, पण त्याच्या शब्दांत. घरच्यांपैकी एकाच माणसाने शेवटचा हात फिरवावा. पाच जणांची समिती झाली की पुन्हा मायेचा सागर येतो.

छापण्यापूर्वी ज्यांचा उल्लेख आहे त्या हयात माणसांना त्यांचा मजकूर वाचून दाखवा. वाटणीची भांडणं, आजारपणातले तपशील, कुणाचं मोडलेलं लग्न यांना हात लावायचा तर त्या माणसाच्या परवानगीने. हयात माणसांच्या पूर्ण जन्मतारखा आणि फोन नंबर छापू नका. ती पुस्तिका पुढे कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही.

छपाई

पुस्तकाचा आकार ए-फाइव्ह, अक्षर चौदा पॉइंट, कारण वाचणारे अर्धे सत्तरीपुढचे आणि उरलेले हिंदी-इंग्रजी शाळांत शिकलेले, मराठी अडखळत वाचणारे. वाक्यं छोटी ठेवा, तीही त्यांच्यासाठीच. मध्ये पिन मारायची तर पानसंख्या चारच्या पटीत, ४८ किंवा ६४. मजकुराला ८० ते ९० जीएसएमचा कागद, फोटो छापायच्या आकारात ३०० डीपीआयचे. मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि डीटीपीवाल्याला तो जुन्या फाँटमध्ये पुन्हा टाइप करू देऊ नका. इंदुरात ऑपरेटर हिंदीला सरावलेला असतो, त्याच्या हातून ‘ळ’चा ‘ल’ सहज होतो: होळकरचं होलकर, बाळचं बाल, पोळीचं पोली. ‘सुऱ्या’, ‘वाऱ्या’ यांच्यातला र मोडतो तो वेगळाच. मुद्रितं दोन जणांनी वाचावीत, त्यातल्या एकाने फक्त नावं आणि आकडे बघावेत.

माईचा आवाज ध्वनिमुद्रित केला असेल तर शेवटच्या पानावर क्यूआर कोड टाका, पण त्यामागची लिंक किती वर्षं टिकेल याचा भरवसा नसतो, म्हणून आवाजाच्या फाइली पेनड्राइव्हवर घालून प्रत्येक शाखेतल्या एकेका घरी द्या.

आणि एकदम पाचशे प्रती काढू नका. डिजिटल छपाईत पंचवीस-तीस प्रतीही निघतात. त्या आधी ज्यांनी सांगितलं त्यांना वाटा, मागे चार कोरी पानं ठेवा आणि महिनाभर थांबा. फोन येतात: तो फोटो मुंजीचा नाही, बारशाचा आहे, खरगोनचा मुलगा मी नव्हतो, माझा धाकटा भाऊ होता, पातेलं तिचं नव्हतंच, ते आमचं, परत द्यायचं राहिलंय. या सगळ्या दुरुस्त्या करा, आणि मग मोठी छपाई.